बॅटरी नवी टाकली, तरी महिन्याभरात पुन्हा तेच: हेडफोन, स्पीकर आणि ट्रिमरमधला परत परत येणारा बिघाड

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. ब्लूटूथ हेडफोन किंवा छोटा स्पीकर बॅकअप देईनासा झाला. उघडून पाहिलं तर आतला सेल फुगलेला, नाहीतर पार उतरलेला. त्याच मापाचा नवा सेल आणला, दोन वायरी सोल्डर केल्या, झाकण बसवलं. काही दिवस छान चाललं आणि मग दुसरा सेलही गेला.

इथे बरेच जण "सेलच डुप्लिकेट निघाला" म्हणून तिसरा मागवतात. कधीकधी ते खरंही असतं, त्याबद्दल पुढे सांगतो. पण सेल मेलाय हे कळणं म्हणजे अर्धंच काम. तो कशामुळे मेला हे न शोधता नवा लावला, तर तोही त्याच वाटेने जातो. कारण शोधायला फार काही लागत नाही. साधा मल्टिमीटर, १० ओहमचा एक रेझिस्टर, चार्जिंगच्या केबलमध्ये लावायचा यूएसबी मीटर आणि सोल्डरिंग आयर्न, एवढ्यावर घरच्या घरी बहुतेक बिघाड पकडता येतात. सोल्डरिंग येत नसलं तरी मोजण्याचं काम कुणालाही जमेल, आणि खरी किल्ली तिथेच आहे.

फुगलेल्या सेलबद्दल मात्र आधी. तो स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. डिंकाने चिकटलेला असेल तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-चार थेंब सोडा, पाचेक मिनिटं थांबा आणि प्लास्टिकच्या कार्डाने किंवा जाड दोऱ्याने हळूहळू सोडवा. वायरी एकेक करून कापा. कात्रीत दोन्ही एकदम सापडल्या तर तिथेच शॉर्ट होतो. कापलेल्या टोकांना लगेच टेप लावा. असा सेल पुन्हा चार्ज करून पाहू नका आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्या. या बाबतीत मी कुणाचंही "काही होत नाही हो" ऐकून घेत नाही.

बिघाड कधी परत येतो, ते आधी आठवा

नवा सेल लावल्याक्षणीच काही चालू झालं नाही, की चार्ज करून बाजूला ठेवलेलं उपकरण आठवड्याभराने बंद सापडलं? रोज वापरात असूनही काही महिन्यांत सेल फुगला, की सेल ठीक असून चार्जिंगच कधी होतं, कधी होत नाही? वरवर चारींचं लक्षण एकच दिसतं, "बॅटरी टिकत नाही". कारणं मात्र पूर्ण वेगळी असतात. ज्याने उपकरण वापरलंय त्याला नीट विचारा. किती दिवस पडून होतं, कुठे ठेवलं होतं, सतत चार्जिंगला लावून वापरतात का. या उत्तरांतून निम्मं निदान हाती येतं.

लावल्या लावल्या काहीच होत नाही

नव्या सेलच्या वायरींवर मीटर लावला आणि शून्य आलं, तर घाबरू नका. सेलच्या टोकाला पिवळ्या टेपखाली एक इवलीशी पट्टी असते, ती प्रोटेक्शन सर्किटची. सेल खूप उतरला किंवा वायरी एकमेकींना लागल्या की ती पट्टी पुरवठा तोडते. काही पट्ट्या सेल नव्याने जोडल्यावर एकदा चार्जर लागल्याशिवाय जाग्याच होत नाहीत. चार्जिंगची केबल मिनिटभर लावून पुन्हा मोजा. ३.६ ते ३.९ व्होल्टच्या आसपास आकडा आला की सेल जिवंत आहे.

दुसरी गोष्ट वायरींच्या रंगांची. लाल म्हणजे पॉझिटिव्ह हे सहसा खरं असतं, पण कनेक्टरमध्ये कोणती वायर कुठल्या बाजूला, याचा सगळ्यांना लागू असा नियम नाही. दोन ठिकाणांहून आणलेल्या, अगदी सारख्या दिसणाऱ्या बॅटऱ्यांचे कनेक्टर उलटसुलट निघतात. प्लग घट्ट बसतो, काळजी वाटत नाही आणि त्याच क्षणी बोर्डावरची चार्जिंगची आयसी (चार्जिंग सांभाळणारी चिप) जळते. त्यानंतर कितीही सेल बदला, चार्जिंग व्हायचं नाही. म्हणून जुना सेल काढण्याआधी बोर्डावरच्या प्लस-मायनसच्या खुणांचा फोटो काढा आणि नवा सेल जोडण्याआधी त्याची बाजू मीटरने बघा. कनेक्टर उलटा असेल तर पिनेच्या टोकाने प्लास्टिकची बारीक जीभ उचलून वायरी अदलाबदल करता येतात, कापायची गरज नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे तिसरी वायर. पांढरी, पिवळी, कधी हिरवी. ती सहसा सेलचं तापमान सांगणाऱ्या थर्मिस्टरची असते आणि २५ अंशांना त्याचा रोध बहुधा १० किलोओहम असतो. जुन्या बॅटरीला तीन वायरी आणि नवीला दोनच असतील, तर बोर्डाला तापमान कळत नाही आणि तो चार्जिंग नाकारतो. यावर एक उपाय सर्रास सांगितला जातो: तिथे १० किलोओहमचा साधा रेझिस्टर लावा, म्हणजे बोर्ड फसतो. बोर्ड फसतो हे खरंच आहे. पण मग सेल कितीही तापला तरी बोर्डाला तो कायम २५ अंशांवरच आहे असं वाटत राहतं. मी हा उपाय करत नाही आणि तुम्हीही करू नये असं मनापासून वाटतं. तीन वायरींचाच सेल शोधा. नाहीच मिळाला, तर १० किलोओहमचा खरा थर्मिस्टर आणून सेलच्या पाठीला टेपने चिकटवा.

जुन्या ट्रिमरबद्दल एकच सांगतो. आतल्या सेलवर १.२ व्होल्ट लिहिलं असेल तर तो निकेलचा आहे. त्याजागी तसाच निकेल-मेटल हायड्राइड सेल लावा. ३.७ व्होल्टचा लिथियम सेल मापात बसला तरी लावू नका, कारण त्या ट्रिमरच्या चार्जरला लिथियम सेल कुठे थांबवायचा हे माहीतच नसतं.

बंद ठेवलं तरी सेल उतरतो

परत परत येणाऱ्या बिघाडात मला सगळ्यात जास्त हाच प्रकार दिसतो, आणि सगळ्यात कमी तपासला जातो तोही हाच. कारण उपकरण बंद असतं. बंद असलेलं उपकरण बॅटरी खात असेल हे मनातच येत नाही.

पण या छोट्या उपकरणांचं बटण जुन्या टॉर्चसारखं पुरवठा तोडणारं नसतं. ते आतल्या आयसीला फक्त इशारा देतं. आयसी झोपते, पण सेल जोडलेलाच राहतो. सगळं ठीक असेल तर या झोपेत दहा-वीस, फार तर शंभर मायक्रोअँप करंट जातो, तो नगण्य आहे. पण बोर्डावर कुठे ओल, गंज किंवा जळका फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून लावतात तो चिकट पदार्थ) बसला असेल तर हाच करंट काही मिलिअँपवर जातो. हिशोब करा. ६०० एमएएचचा (एमएएच म्हणजे मिलिअँप-तास, सेलची क्षमता) सेल आणि ५ मिलिअँपची गळती, म्हणजे १२० तास. पाच दिवसांत भरलेला सेल रिकामा.

रिकामा होऊन तो तसाच पडून राहतो, ते जास्त वाईट. लिथियम सेल २.५ व्होल्टच्या खाली जाऊन तिथे बराच काळ राहिला, की आतल्या पट्टीचं तांबं विरघळायला लागतं आणि पुढे चार्ज करताना ते नको तिथे साचतं. असा सेल क्षमता गमावतो, आतून शॉर्टही होऊ शकतो. म्हणूनच २ व्होल्टच्या खाली सापडलेला सेल झटका देऊन "जिवंत" करण्याच्या युक्त्यांपासून लांब राहा.

चूक सेलची की बोर्डाची, हे ठरवायची सोपी पद्धत आहे. सेल पूर्ण चार्ज करा, एक तासभर विसावू द्या आणि उपकरणापासून सोडवून व्होल्टेज लिहून ठेवा. साधारण ४.१५ ते ४.१८ दिसेल. तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजा. चांगला सेल एकटा पडून महिन्याला जेमतेम काही टक्केच उतरतो, त्यामुळे आकडा जवळपास तोच राहिला पाहिजे. तो राहिला आणि उपकरणाला जोडल्यावर मात्र सेल उतरतो, म्हणजे दोष बोर्डाचा. सुटा असतानाच उतरला, तर सेल खराब.

बोर्डाचा दोष आहे असं दिसलं की १० ओहमचा रेझिस्टर बाहेर काढा. सेलची लाल वायर सोडवून मध्ये हा रेझिस्टर जोडा आणि त्याच्या दोन टोकांवर मीटर मिलिव्होल्टला लावा. १० मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँप. मीटरची थेट करंट मोजायची रेंजही वापरता येते, पण त्यात चुकून उपकरण चालू झालं तर मीटरचा फ्यूज उडू शकतो. शिवाय मायक्रोअँपच्या रेंजमध्ये मीटर स्वतःच इतका रोध टाकतो की बोर्ड नीट झोपतच नाही. रेझिस्टरची पद्धत दोन्ही अडचणी टाळते. जोडल्यावर लगेच आकडा वाचू नका. काही बोर्ड झोपायला मिनिटभर घेतात, थांबा.

एका स्पीकरचं उदाहरण सांगतो. माझ्या मावसभावाचा, न्हाणीघराच्या फळीवर ठेवून गाणी ऐकायचा, १२०० एमएएचचा सेल असलेला. त्यात सेल बदलून झाला होता आणि नवाही तसाच मेला होता. रेझिस्टर लावला तर ३८ मिलिव्होल्ट, म्हणजे ३.८ मिलिअँप. बंद अवस्थेत. या हिशोबाने भरलेला सेल तेरा दिवसांत संपतो, आणि तो स्पीकर मध्ये मध्ये तीन-चार आठवडे पडून असायचा. आता शोधायचं होतं की हे ३.८ मिलिअँप जातात कुठे. अशा वेळी जे जे सुटं करता येतं ते एकेक सोडवून आकडा बघायचा. स्पीकरचा प्लग काढला, फरक नाही. ऑक्सचा, म्हणजे वायरने गाणी जोडायच्या खाचेचा, छोटा बोर्ड काढला, फरक नाही. बटणांच्या बोर्डाची चपटी रिबन काढली आणि मीटर सरळ ०.३ मिलिव्होल्टवर आला. ३० मायक्रोअँप, अगदी जसा असायला हवा तसा.

बटणांचा बोर्ड उलटा करून भिंगातून पाहिला. चालू-बंदच्या बटणाखाली, त्याच्या दोन पायांच्या मधोमध, पांढरट-हिरवा थर. वाफ आत गेली, तिथेच साचली आणि गंज धरला. बटण न दाबता त्या पायांवर मीटर लावला तर जवळपास १ किलोओहम दाखवत होता. तिथे काहीच जोड दिसायला नको होता. ३.८ व्होल्टला १ किलोओहमने भागा, ३.८ मिलिअँपच येतात. हिशोब पै-पैचा जुळला आणि मग वेगळं काही शोधायची गरज उरली नाही. बटण काढलं, खालची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने घासली, पूर्ण वाळू दिली, नवं बटण लावलं. दोन सेलवर आळ आला होता आणि कारण निघालं बटण.

बटण बदलताना उंची जरूर मोजा. चौकोनी टॅक्ट बटणं बाहेरून सारखी दिसतात, ६ बाय ६ मिलिमीटर, पण उंची ४.३ पासून पुढे कितीतरी प्रकारची असते. अर्धा मिलिमीटर उंच बटण लावलं तर झाकण बंद केल्यावर ते कायम किंचित दाबलेलं राहतं. उघड्यावर सगळं उत्तम चालतं आणि बंद केलं की उपकरण आपोआप चालू होतं, किंवा झोपतच नाही. "उघडं असताना चालतं, बंद केल्यावर बिघडतं" असं कुणी सांगितलं की आधी बटणाची उंची आणि झाकणाखाली दबलेली वायर बघावी.

फ्लक्सचंही तसंच. सोल्डर करताना फ्लक्स सढळ हाताने वापरावा, त्याने जोड चांगला होतो. पण काम झाल्यावर पुसून काढावा. काही फ्लक्स दमट हवेत ओल धरतात आणि दोन पायांमध्ये हळूहळू करंट वाहू लागतो. पहिल्या दिवशी मोजलं तर काही दिसणार नाही, पावसाळी दिवसांत दिसेल.

रोज वापरात असून काही महिन्यांत फुगतो

इथे दोन आकडे तपासा: सेल किती व्होल्टपर्यंत भरतो आणि किती करंटने भरतो.

आधी व्होल्ट. सेलवर ३.७ व्होल्ट लिहिलं असेल तर तो ४.२ पर्यंत भरायचा. पण हल्ली कानात घालायच्या छोट्या बड्समध्ये आणि पातळ उपकरणांमध्ये ३.८ किंवा ३.८५ व्होल्ट लिहिलेले सेलही येतात. ते ४.३५ आणि ४.४ पर्यंत भरण्यासाठी बनवलेले असतात आणि बोर्डही त्या हिशोबाने बसवलेला असतो. अशा उपकरणात मापाने बसतो म्हणून ३.७ चा सेल लावला, की तो दर चार्जिंगला त्याच्या मर्यादेपलीकडे भरला जातो. त्याची प्रोटेक्शन पट्टी ४.२५-४.३ च्या आसपास तोडते म्हणून दुर्घटना टळते, पण ती पट्टी शेवटच्या संकटासाठी असते, रोजच्या कामासाठी नाही. सेल फुगतोच. तेव्हा नवा सेल घेताना लांबी-रुंदीच्याही आधी हा आकडा जुळवा. आणि मूळ सेलच ३.७ चा असताना पूर्ण चार्जिंगला ४.३ किंवा जास्त दिसत असेल, तर चार्जिंगची आयसी बिघडली आहे. ती बदलल्याशिवाय त्या उपकरणात कोणताही सेल लावू नका.

मग करंट. छोट्या सेलला त्याच्या क्षमतेच्या साधारण निम्म्या करंटने चार्ज करणं सुरक्षित धरतात. ६०० एमएएचला ३०० मिलिअँप. हा करंट सेल ठरवत नाही, बोर्डावरचा एक बारीक रेझिस्टर ठरवतो. टीपी४०५६ ही चार्जिंगची आयसी अनेक बोर्डांवर दिसते. तिच्या दुसऱ्या पिनेवर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर करंट १००० मिलिअँप, २ किलोओहमला ५८०, १० किलोओहमला १३०. रेझिस्टरवर १२२ छापलेलं असेल तर १.२ किलोओहम, २०२ म्हणजे २, १०३ म्हणजे १०. आता कल्पना करा, मूळ सेल २००० एमएएचचा होता आणि तो मिळाला नाही म्हणून कुणी ५०० एमएएचचा लहान सेल लावला. बोर्ड त्याच्यातही १००० मिलिअँपच ढकलणार, म्हणजे क्षमतेच्या दुप्पट. तो सेल तापणारच, फुगणारच. लहान सेल लावायचाच असेल तर हा रेझिस्टरही बदलावा लागतो.

आणि हे नकळतही घडतं, कारण सेलवर लिहिलेली क्षमता खोटी असते. ती ओळखायला वजन-बिजन नको, माप पुरतं. चपट्या सेलवर सहा आकडे असतात, उदाहरणार्थ ५०३०४०. म्हणजे जाडी ५.०, रुंदी ३०, लांबी ४० मिलिमीटर. गुणाकार करा, ६००० घन मिलिमीटर, म्हणजे ६ घन सेंटिमीटर. छोट्या चपट्या सेलमध्ये एका घन सेंटिमीटरला साधारण १०० एमएएच बसतात, चांगल्या सेलमध्ये थोडे जास्त. म्हणजे हा ६०० च्या आसपासचा सेल. ५०२०३० वर कुणी ८०० छापलं असेल तर ते शक्यच नाही, त्याचं आकारमान ३ घन सेंटिमीटर, खरी क्षमता अडीचशे-तीनशे. गोल १८६५० सेलची मजल ३५०० च्या थोडी पुढेपर्यंत जाते, त्यामुळे त्यावर ९९०० लिहिलेलं दिसलं की तो हातातही घेऊ नका. गोल सेलच्या टोकांना थेट सोल्डरही करू नका. आतलं प्लास्टिकचं पातळ पापुद्र्यासारखं विभाजक उष्णतेने जातं. निकेलची पट्टी आधीच वेल्ड केलेला सेल मिळतो, तोच घ्या.

खरी क्षमता मोजायचीच असेल तर तेही घरी जमतं. उपकरण वापरून पूर्ण उतरवा, बंद करा आणि यूएसबी मीटरमधून पूर्ण चार्ज करा. टीपी४०५६ सारखे चार्जर जास्तीचा व्होल्टेज उष्णतेत घालवतात, त्यामुळे जेवढा करंट केबलमधून येतो जवळपास तेवढाच सेलमध्ये जातो. मीटरवर आलेले एमएएच म्हणजे जवळजवळ सेलची क्षमता. ६०० च्या सेलने २४० घेऊन लाल दिव्याचा हिरवा केला, तर काय ते समजा.

एक कारण वापरण्याच्या सवयीतलं आहे. चार्जर सेल ४.२ ला पोचल्यावर करंट ठरलेल्याच्या दहाव्या भागावर आला की थांबतो. पण उपकरण त्याच वेळी चालू असेल, तर ते स्वतःच तेवढा करंट खात राहतं, चार्जरला वाटतं अजून भरतंय, आणि तो थांबतच नाही. सेल तासन् तास ४.२ वर धरून ठेवला जातो, गरम चार्जिंग आयसीला चिकटून. स्पीकर कायम केबलला लावून वाजवणाऱ्यांचे सेल म्हणूनच लवकर जातात. भरला की केबल काढावी. सेल बसवतानाही त्याला चार्जिंगच्या आयसीवर थेट झोपवू नका. मूळ बनावटीत तिथे फोमची पट्टी असेल तर ती परत तिथेच लावा. नवा सेल जुन्यापेक्षा जाड असेल आणि झाकण दाबून बसवावं लागत असेल, तर तो सेल त्या उपकरणासाठी नाहीच.

चार्जिंग कधी होतं, कधी नाही

केबल विशिष्ट कोनात धरल्यावरच चार्ज होतं, तर आधी पोर्टमध्ये, म्हणजे केबल घालायच्या खोबणीत, टॉर्चचा उजेड पाडून पाहा. खिशातल्या कापसाची गादी तिथे दाबून बसलेली असते. लाकडी टूथपिकने काढा, धातूची सुई नको. यानंतरही हलत असेल तर पोर्टचे सोल्डर सुटलेत.

पोर्ट बदलला आणि तोही काही दिवसांनी सुटला, याचं कारण जवळपास नेहमी एकच. पोर्टच्या बाजूचे चार जाड पाय बोर्डाच्या मोठ्या ग्राउंडच्या (मायनस बाजूच्या) तांब्यात जातात. ते तांबं आयर्नची उष्णता ओढून घेतं. वरून सोल्डर चकचकीत दिसतो, पण भोकात उतरलेलाच नसतो. केबलचा सगळा ताण हे पायच घेत असतात. इथे सुईसारखं बारीक टोक चालत नाही, छिन्नीसारखं रुंद टोक लावा, आयर्न ३५० अंशांच्या आसपास ठेवा आणि भरपूर फ्लक्स घाला. मूळ सोल्डर शिसंविरहित असेल तर तो २१७ अंशांच्या पुढे वितळतो. त्यात ६३-३७ चा (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) साधा सोल्डर मिसळला की काम सोपं होतं, कारण हा १८३ अंशांनाच वितळतो. सोल्डर बोर्डाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर डोकावला की पाय धरला म्हणायचं. पोर्टच्या मागे झाकणाला आधाराची प्लास्टिकची कड असते. ती तुटली असेल तर पोर्ट पुन्हा सुटणारच, तिथे एपॉक्सीने नवा आधार करून घ्या.

टाइप-सी पोर्टचं एक लक्षण लक्षात ठेवण्यासारखं आहे. चार्जरकडे जुनं चौकोनी टोक असलेल्या केबलने चार्ज होतं, पण दोन्ही टोकं टाइप-सी असलेल्या केबलने अजिबात नाही. लोक केबल बदलतात, चार्जर बदलतात, पोर्टही बदलतात. सी-टू-सी केबलमध्ये समोरचा चार्जर आधी विचारतो की पलीकडे कुणी आहे का, आणि त्याचं उत्तर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर देतात, सीसी१ आणि सीसी२ या पिनांवरून ग्राउंडला जोडलेले. स्वस्त उपकरणांत ते मुळातच बसवलेले नसतात. तिथे पोर्ट बदलून उपयोग नाही, रेझिस्टर लावावे लागतात, नाहीतर जुन्या पद्धतीची केबल वापरावी. आणि तुम्ही पोर्ट बदलल्यापासून सी-टू-सी केबल एका बाजूनेच चालते, उलटी करून लावली की नाही, असं झालं असेल तर दोनपैकी एका सीसी पिनेचा सोल्डर लागलेला नाही. भिंग घेऊन तीच पिन शोधा.

चार्ज होतंय पण फार हळू, तर चार्जिंग चालू असताना बोर्डावर पोर्टच्या मागे व्होल्टेज मोजा. ५ च्या जवळ हवा. ४.४ वर घसरलेला दिसला तर केबल किंवा पोर्ट खाऊन टाकतोय, सेलला दोष नको.

हेडफोनच्या बिजागरीतली तुटलेली वायर हाही परत येणारा आजार. तिथे जाड किंवा कडक वायर लावली की तिथेच पुन्हा तुटते. मूळची असते तशी, खूप बारीक तारांची मऊ वायर लावा, थोडी सैल ठेवा आणि बिजागरी पूर्ण उघडून-मिटून ताण पडत नाही ना ते बघूनच झाकण लावा. लाखेचा थर असलेल्या तांब्याच्या तारा असतील तर आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात तार थोडा वेळ बुडवून ठेवा, लाख जळते आणि सोल्डर धरतो.

झाकण लावण्याआधी

सगळं जोडल्यावर रेझिस्टर लावून बंद अवस्थेतला करंट एकदा मोजा, तोवर डिंक लावू नका. मग पूर्ण चार्ज करून सेलचा व्होल्टेज लिहून ठेवा आणि उपकरण बंद करून तीन दिवस तसंच राहू द्या. छोट्या सेलमध्ये या तीन दिवसांत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त घसरण झाली, तर कुठेतरी जवळपास मिलिअँपभर गळती अजून बाकी आहे. तसं असेल तर पुन्हा रिबन, बटण, पोर्ट असं एकेक सोडवत आकडा बघा. घसरण झाली नसेल तर झाकण चिकटवा आणि आत, सेलच्या पाठीवर, आजची तारीख, बंद अवस्थेतला करंट आणि सेलचे सहा आकडे मार्करने लिहून ठेवा. पुढे कधी ते उपकरण पुन्हा उघडायची वेळ आली, तुमच्यावर किंवा दुसऱ्या कुणावर, तर पहिली दहा मिनिटं वाचतील.